यीस्ट कमी करणारं ‘कौटुंबिक आहार पॅकेज’ : स्वयंपाकघर सुधारलं, दुखणं मात्र डॉक्टरांनीच शोधलं

निकाल आधीच सांगते. शरीरातलं यीस्ट कमी करण्यासाठी अख्ख्या घराचा आहार बदलून देणारी एक ऑनलाइन सेवा आम्ही घेतली, तीन महिन्यांचं पूर्ण पॅकेज. माझ्याकडून पाचपैकी अडीच. त्यातले दोन गुण त्यांनी स्वयंपाकघरात जे काम केलं त्याला आणि अर्धा त्यांच्या वक्तशीरपणाला. यीस्टबद्दल त्यांनी जे सांगितलं त्याला एकही नाही. सेवेचं नाव मुद्दाम लिहीत नाही. या प्रकारच्या पॅकेजांचा सांगाडा साधारण सारखाच असतो: लांबलचक प्रश्नावली, पाण्याच्या ग्लासातली थुंकीची चाचणी, तीन टप्प्यांचं पथ्य आणि सोबत कॅप्सूलचा डबा. तुमच्यासमोर जे कुठलं पॅकेज असेल त्याला हे लिखाण लावून बघता येईल.

मी एका रुग्णालयाच्या मायक्रोबायॉलॉजी लॅबमध्ये तंत्रज्ञ आहे. तोंडाचे, घशाचे, योनीमार्गाचे स्वॅब रोज माझ्या हाताखालून जातात आणि त्यातल्या बऱ्याच प्लेटांवर कॅन्डिडा उगवतो, म्हणजे माणसाच्या शरीरात सापडणारं यीस्ट, एक सूक्ष्म बुरशी. त्यामुळे ‘यीस्ट वाढलंय’ असं घरात कुणी म्हटलं की मला धडकी भरत नाही, पण ते कानाआडही करता येत नाही. आमच्या ताईंना, म्हणजे माझ्या मोठ्या नणंदेला, योनीमार्गाचा यीस्टचा संसर्ग वर्षभर पुन्हा पुन्हा होत होता. हे त्यांनीच लिहायला सांगितलंय. लाजेपायी गप्प बसणाऱ्या बायकांपर्यंत हे पोचावं अशी त्यांची इच्छा आहे. सासूबाईंच्या तोंडात पांढरे डाग आणि जिभेची आग. अकरा वर्षांच्या मुलीचं अधूनमधून पोट दुखायचं. नवरा कायम दमलेला. या सगळ्याचं मूळ एकच, असं ताईंनी कुठेतरी वाचलं होतं आणि एकट्याने पथ्य पाळण्यापेक्षा घराने मिळून पाळावं असा त्यांचा आग्रह होता. घरातलं माणूस इतकं कंटाळलेलं असताना सोबत करायलाच हवी. मी दोन अटी घातल्या. मुलीची फळं आणि दूध बंद होणार नाही, आणि सेवा चालू असली तरी ताईंनी डॉक्टरांकडे जायचंच.

सुरुवात प्रश्नावलीने झाली. गोड खावंसं वाटतं का, जेवणानंतर पोट फुगतं का, दुपारी डोकं जड होतं का, चिडचिड होते का, त्वचेला खाज येते का, झोपून उठल्यावरही थकवा राहतो का. कामाला जाणाऱ्या कुठल्याही माणसाला यातल्या निम्म्या प्रश्नांना ‘हो’ म्हणावं लागेल. आमच्या घरातल्या प्रत्येकाचा निकाल ‘उच्च’ आला, मुलीचासुद्धा. प्रतिजैविकं किती वेळा घेतली, हे त्यांनी विचारलं होतं आणि तो प्रश्न रास्त आहे. जिवाणू मारले गेले की यीस्टला जागा मोकळी होते आणि अशा औषधांच्या कोर्सनंतर संसर्ग होणं नेहमीचं आहे. पण कवळी वापरता का, दम्याचा इन्हेलर घेता का, रक्तातली साखर शेवटची कधी तपासली, मधुमेहाची कोणती गोळी चालू आहे, हे प्रश्न कुठेच नव्हते. तोंडातल्या आणि योनीमार्गातल्या यीस्टबद्दल ज्याला खरंच माहीत आहे तो याच प्रश्नांनी सुरुवात करतो. त्यांचं महत्त्व आमच्याच घरात पुढे दिसलं.

मग थुंकीची चाचणी. सकाळी उठल्या उठल्या, चूळ न भरता ग्लासभर पाण्यात थुंकायचं आणि थांबायचं. थुंकीतून खाली दोरे लोंबले किंवा तळाशी गढूळ काही साचलं तर म्हणे यीस्ट वाढलंय. आमच्या घरात सगळ्यांच्या ग्लासांत दोरे दिसले. ते दिसणारच. थुंकीत म्यूसिन नावाचं चिकट प्रथिन असतं आणि रात्रभर तोंड कोरडं पडल्यावर सकाळची थुंकी जास्त घट्ट असते. पाण्यात ती दोऱ्यांसारखी सुटते. त्यावरून यीस्टबद्दल काहीही कळत नाही.

यीस्ट खरंच बघायचं तर काय करतात ते सांगते, कारण लोकांना ते कधी दाखवलं जात नाही. स्वॅब सॅबूरो आगर नावाच्या माध्यमावर पसरायचा आणि उबेत ठेवायचा. एकदोन दिवसांत मलईच्या रंगाच्या, गुळगुळीत, किंचित फुगीर वसाहती उगवतात आणि झाकण उचललं की आंबवलेल्या पिठासारखा वास येतो. जात ओळखायला रंगीत माध्यम असतं. त्यावर कॅन्डिडा अल्बिकान्स हिरवी उगवते, ट्रॉपिकालिस निळसर, क्रूसाय गुलाबी आणि खरखरीत. आणखी एक जुनी, स्वस्त आणि मला फार आवडणारी चाचणी आहे. वसाहतीचा कण रक्तद्रवात टाकून ३७ अंशांवर दोन-तीन तास ठेवायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. अल्बिकान्स असेल तर गोल पेशीतून एक सरळ नळी बाहेर आलेली दिसते. नवीन मुलं लॅबमध्ये शिकायला येतात तेव्हा ही नळी पहिल्यांदा बघताना त्यांचे चेहरे बघण्यासारखे असतात.

आता यातली मुख्य गोष्ट. प्लेटवर कॅन्डिडा उगवला म्हणजे माणूस आजारी आहे असं नाही. धडधाकट माणसांपैकी कितीतरी जणांच्या तोंडात, आतड्यात, योनीमार्गात तो आयुष्यभर गुपचूप राहत असतो. म्हणून डॉक्टर लक्षणं, तपासणी आणि लॅबचा अहवाल एकत्र वाचतात. दुसऱ्या टोकाला रक्तात शिरलेला कॅन्डिडा जीव घेऊ शकतो. अतिदक्षता विभागातल्या, प्रतिकारशक्ती कोसळलेल्या रुग्णांमध्ये आम्ही ते बघतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली धोकादायक बुरशींची पहिली यादी काढली तेव्हा सर्वांत गंभीर गटात कॅन्डिडा अल्बिकान्स आणि कॅन्डिडा ऑरिस या दोघींना ठेवलं. हा जीव क्षुल्लक आहे असं मी म्हणणारच नाही. पण दुपारची सुस्ती, पोटफुगी आणि चिडचिड एवढ्यावरून ‘तुमच्या आतड्यात यीस्ट माजलंय’ असं निदान करणं वेगळं, आणि या सेवेचा सगळा डोलारा त्याच निदानावर उभा आहे.

ही कल्पना आली कुठून तेही सांगून टाकते. अमेरिकेत अलाबामा राज्यातल्या बर्मिंगहॅमचे डॉ. ओरियन ट्रस यांनी १९७८ पासून ती मांडली आणि १९८३ मध्ये डॉ. विल्यम क्रूक यांनी ती घराघरात पोचवली. लक्षणांना गुण देणारी प्रश्नावली आणि साखर-यीस्ट वर्ज्य करणारं पथ्य तेव्हापासून चालत आलंय. १९८६ मध्ये तिथल्या ॲलर्जी तज्ज्ञांच्या अकादमीने ही संकल्पना निव्वळ अंदाजावर आधारलेली आणि सिद्ध न झालेली असल्याचं जाहीर केलं. मग १९९० मध्ये, त्याच बर्मिंगहॅममधल्या डॉ. विल्यम डिस्मुक्स आणि सहकाऱ्यांनी ४२ स्त्रियांवर रीतसर चाचणी केली. निस्टॅटिन हे बुरशीविरोधी औषध आणि दिसायला तसंच खोटं औषध, कोणाला कधी काय मिळतंय हे कोणालाच माहीत नाही. योनीमार्गाच्या तक्रारींवर निस्टॅटिन खोट्या औषधापेक्षा सरस ठरलं. थकवा, डोकं जड होणं, मनाची अवस्था यांत मात्र दोन्हींनी सारखाच फरक पडला. मला हा अभ्यास फार मोलाचा वाटतो, कारण तो त्या स्त्रियांचा त्रास नाकारत नाही. त्रास खरा होता. त्याचं कारण सर्वांगात पसरलेलं यीस्ट आहे, एवढंच त्यातून सिद्ध झालं नाही.

आता ज्या कामाला मी दोन गुण दिले ते.

पहिल्याच आठवड्यात त्यांच्या आहारसल्लागार बाईंनी व्हिडिओ कॉलवर आमचं अख्खं स्वयंपाकघर बघितलं. कपाट उघडा, मागचा डबा पुढे घ्या, पाकीट उलटं करून घटक वाचा. घाई नाही, टोमणे नाहीत. सॉस, न्याहारीचं तयार धान्य, फळांच्या चवीचं दही, ‘आरोग्यदायी’ म्हणून आणलेली बिस्किटं, मुलीच्या डब्यातला रसाचा खोका. प्रत्येकावर साखर वेगवेगळ्या नावाने लपलेली होती: डेक्स्ट्रोज, माल्टोडेक्स्ट्रिन, कॉर्न सिरप, फळांच्या रसाचा अर्क. चार ग्रॅम म्हणजे साधारण एक चमचा, हा हिशेब त्यांनी मुलीकडूनच करून घेतला. नवरा रोज संध्याकाळी कोलाचा एक कॅन प्यायचा. ३३० मिलिलिटरच्या कॅनमध्ये साधारण ३५ ग्रॅम साखर असते, म्हणजे जवळजवळ नऊ चमचे. मुलीने खरोखरच वाटीत नऊ चमचे साखर मोजून ती वाटी बाबांसमोर ठेवली. जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेली साखर दिवसाच्या एकूण उष्मांकाच्या दहा टक्क्यांच्या आत ठेवा म्हणते आणि पाच टक्क्यांच्या आत ठेवता आली तर आणखी चांगलं. पाच टक्के म्हणजे मोठ्या माणसाला साधारण २५ ग्रॅम. नवऱ्याचा एक कॅनच त्याच्या पुढे गेला होता. कॅन त्याच आठवड्यात बंद झाला आणि अजून बंद आहे.

आठवड्याचा बेत आखायची त्यांची पद्धतही उत्तम. एकच भांडं, दोन ताटं. डाळ, भाजी, अंडी किंवा मासे सगळ्यांना तेच. भात ज्याला हवा त्याला बाजूला. घरातल्या एकासाठी वेगळा स्वयंपाक करावा लागत नाही, ही गोष्ट रोज ओट्यापाशी उभी राहणाऱ्या माणसालाच कळते. सुट्टीच्या दिवशी कडधान्यं भिजवून-शिजवून ठेवायची, भाज्या चिरून ठेवायच्या, भूक लागली की हाताशी काय असेल ते आधीच ठरवायचं. संध्याकाळी सातला सगळे दमून येतात तेव्हा हाताला जे लागतं तेच पोटात जातं. कुटुंबाचा आहार बदलायचा तर लढाई त्या वेळेची असते, हे त्या बाईंना नेमकं ठाऊक होतं. चार्ट ठरलेल्या वेळी यायचे, शंकांना त्याच दिवशी उत्तर. एवढंच त्यांनी ‘घरगुती स्वयंपाकाची घडी बसवून देणारी सेवा’ म्हणून विकलं असतं तर मी डोळे मिटून साडेचार दिले असते.

पथ्याच्या यादीकडे आलं की पुन्हा गडबड. पहिल्या टप्प्यात साखर आणि मध बंद, इथपर्यंत ठीक. मग सगळी फळं बंद, ब्रेड बंद, मशरूम बंद, चीज बंद, व्हिनेगर बंद, सुका मेवा बंद. ब्रेड आणि मशरूमचं कारण विचारलं तर उत्तर आलं, “त्यात यीस्ट आणि बुरशी असते मॅडम, ती आतल्या यीस्टला वाढवते.” ब्रेड फुगवणारं यीस्ट म्हणजे सॅकरोमायसीस सेरेव्हिसीए. तो कॅन्डिडापेक्षा वेगळा जीव आहे आणि भट्टीच्या उष्णतेत मरतो. मशरूम खाऊन आतड्यात कॅन्डिडा वाढतो याला काही आधार नाही. तिसऱ्या टप्प्यात त्यांनी जी प्रोबायोटिक कॅप्सूल पाठवली तिचं लेबल मी वाचलं, तर पहिलाच घटक सॅकरोमायसीस बुलार्डी. हेही यीस्टच, ब्रेडच्या यीस्टचं अगदी जवळचं भावंड, आणि कॅप्सूलमध्ये तर जिवंत. प्रतिजैविकांमुळे होणाऱ्या जुलाबांसाठी डॉक्टर ते देतात, त्यामुळे ते वाईट नाही. पण ब्रेडमधलं मेलेलं यीस्ट घातक आणि डब्यातलं जिवंत यीस्ट औषध, हे एकाच पॅकेजमध्ये कसं बसतं ते मी लेखी विचारलं. उत्तर आलं की हे ‘चांगलं यीस्ट’ आहे. मग ब्रेड का बंद, याचं उत्तर आलं नाही.

साखरेबद्दल जरा थांबून सांगायला हवं, कारण इथे खरं आणि ओढून-ताणून आणलेलं एकमेकांत मिसळलेलं असतं. लॅबमधल्या प्लेटवर साखर दिली की कॅन्डिडा झपाट्याने वाढतो. यावरून ‘तुम्ही खाल्लेली साखर त्यालाच मिळते’ असं सांगितलं जातं. पण साधी साखर बहुतेक लहान आतड्यातच शोषली जाते, आतड्यातल्या सूक्ष्मजीवांची मुख्य वस्ती मात्र मोठ्या आतड्यात. १९९९ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात २८ निरोगी माणसांना जास्तीची साखर खायला दिली आणि आतड्यातला कॅन्डिडा मोजला. फरक पडला तो फारच थोडा. रक्तातली साखर सतत चढलेली असेल तर मात्र गोष्ट पूर्ण वेगळी. मग थुंकीत, लघवीत, त्वचेच्या घड्यांत साखर वाढते, संसर्गाशी लढणाऱ्या पेशी मंदावतात आणि यीस्टला रान मोकळं मिळतं. म्हणजे मधुमेह असलेल्या माणसाने साखर आवरली तर यीस्टचा त्रास कमी व्हायला खरंच मदत होते. धडधाकट मुलीचं सफरचंद बंद करून काही साधत नाही.

दुसऱ्या टप्प्यातल्या ‘मारक’ कॅप्सूल (कॅप्रिलिक ॲसिड, ओरेगानोचं तेल, लसणाचा अर्क) आम्ही घेतल्या नाहीत. प्लेटवर कॅन्डिडा मारणारे पदार्थ पुष्कळ आहेत. माणसाच्या आतड्यात पोचून, पचून, विरळ होऊन ते तेच करतात हे दाखवणं फार अवघड. सासूबाई रक्त पातळ करणारी गोळी घेतात. त्यांच्या डॉक्टरांना न विचारता असले अर्क देणं मला पटणारच नव्हतं. आम्ही घेणार नाही म्हटल्यावर सेवेने जोर केला नाही, पण ॲपवर रोज ‘आजचा डोस राहिला’ अशी लाल खूण येत राहिली.

आता ‘डाय-ऑफ’. पथ्य सुरू झाल्यावर ताईंचं डोकं प्रचंड दुखायला लागलं, नवऱ्याचंही. सल्लागार बाई खूश. “यीस्ट मरतंय, त्याचं विष बाहेर पडतंय, म्हणजे पथ्य लागू पडतंय. घाबरू नका.” जंतू एकदम मेल्याने ताप-थंडी येते ही प्रतिक्रिया वैद्यकात खरी आहे. यारिश आणि हर्क्सहायमर या डॉक्टरांच्या नावाने ती ओळखली जाते आणि प्रामुख्याने सिफिलिससारख्या आजारांत, औषधाच्या पहिल्या डोसनंतर दिसते. ब्रेड सोडल्याने ती येत नाही. आमच्याकडे दोघांनीही पहिल्याच दिवशी चहा-कॉफी तोडून टाकली होती. कॅफिन एकदम सोडलं की बारा ते चोवीस तासांत डोकं दुखायला लागतं, दुसऱ्या दिवसाच्या आसपास ते सर्वांत जास्त असतं आणि आठवडाभरात उतरतं. दोघांचं अगदी तसंच झालं. मला या समजुतीचा राग येतो, कारण ती माणसाला शरीराचं ऐकू देत नाही. बरं वाटलं तरी पथ्याचा विजय, वाईट वाटलं तरी पथ्याचाच विजय. उद्या कुणाला ताप आला, अंगावर पुरळ उठलं, चक्कर आली आणि तो ‘डाय-ऑफ’ म्हणून घरीच थांबला, तर त्याची जबाबदारी कोण घेणार?

मुलीबद्दल लिहिताना मला अजूनही कसंसं होतं. माझी अट त्यांनी मान्य केली होती, पण ॲपला ती अट कळत नव्हती. तिने केळं खाल्ल्याची नोंद केली की पडद्यावर लाल फुली आणि ‘यीस्टला खाऊ घातलं’ अशी ओळ. एकदा मैत्रिणीच्या वाढदिवसाहून ती परत आली आणि दारातच विचारलं, “आई, मी केक खाल्ला. आता माझ्या पोटात बुरशी वाढेल का?” केक गोड आहे, रोज खाऊ नये, हे मुलाला शिकवता येतं आणि शिकवावंच. आपल्याच पोटात काहीतरी किळसवाणं वाढतंय आणि आपण त्याला पोसतोय, हे अकरा वर्षांच्या डोक्यात घालणं क्रूर आहे. मी त्याच रात्री तिचं खातं बंद केलं आणि ग्राहक सेवेला सविस्तर लिहिलं. वाढत्या वयात फळं, दूध, धान्यं एकदम काढून घेतली तर वजन आणि उंची दोन्हींवर परिणाम होतो. आधीच हडकुळ्या मुलीच्या बाबतीत तर असा बदल बालरोगतज्ज्ञांशिवाय करूच नये. तिच्या पोटदुखीचं मूळ बद्धकोष्ठतेत निघालं. शाळेतलं स्वच्छतागृह आवडत नाही म्हणून ती दिवसभर पाणीच पीत नव्हती. पाणी, फळं, भाज्या आणि सकाळी दहा मिनिटं निवांत बसणं, एवढ्याने पोट शांत झालं. म्हणजे जी फळं ते बंद करा म्हणत होते, तीच तिला हवी होती.

सासूबाईंचं उत्तर दंतवैद्यांकडे मिळालं. त्या कवळी रात्रीही काढत नव्हत्या आणि दम्याचा स्टिरॉइडचा इन्हेलर घेतल्यावर चूळ भरत नव्हत्या. तोंडात यीस्ट वाढायला ही दोन कारणं पुरेशी असतात. डॉक्टरांनी तोंडात लावायचं बुरशीविरोधी औषध दिलं, इन्हेलरला स्पेसर (औषध तोंडात कमी साचावं म्हणून लावायची नळी) जोडायला आणि त्यानंतर चूळ भरून थुंकायला सांगितलं, रात्री कवळी काढून घासून ठेवायला सांगितलं. डाग गेले, जिभेची आग गेली. “आई, कवळी काढलीत का?” हा आता आमच्याकडे झोपण्याआधीचा ठरलेला प्रश्न आहे. त्यांच्या आहारात ब्रेड पूर्वीसारखाच आहे.

ताईंच्या बाबतीत स्त्रीरोगतज्ज्ञांनी स्वॅब घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं, कल्चरला पाठवलं आणि सोबत एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतली रक्तातली सरासरी साखर दाखवणारी चाचणी, करायला सांगितलं. कल्चरमध्ये अल्बिकान्सच आली. एचबीए१सी ६.५ च्या पुढे निघालं. म्हणजे मधुमेह, आणि तो आहे याचा कुणालाच पत्ता नव्हता. लागोपाठ वर्षभर संसर्ग होत असताना दुकानातून मलम आणून लावणं चालू होतं, त्याखाली हे दडून राहिलं. आता साखरेचे उपचार चालू आहेत आणि यीस्टसाठी फ्लुकोनॅझोल, आधी सलग काही डोस आणि मग सहा महिने आठवड्यातून एकदा, डॉक्टरांच्या देखरेखीखाली. मधुमेहाच्या काही नव्या गोळ्या जास्तीची साखर लघवीवाटे बाहेर काढतात आणि त्यामुळे जननेंद्रियांच्या भागात यीस्टचा संसर्ग वाढू शकतो. ताईंच्या डॉक्टरांनी हे लक्षात घेऊन गोळी निवडली. या पॅकेजमुळे घरातली साखर कमी झाली त्याचा ताईंना फायदाच झाला, हे मी मोकळेपणाने लिहिते. त्यांची रक्तातली साखर आवरायला बदललेलं स्वयंपाकघर रोज मदत करतंय. बायकांमध्ये हा संसर्ग इतका सर्रास आहे की साधारण चारातल्या तिघींना आयुष्यात कधी ना कधी होतोच. तो वर्षात तीन-चार वेळा व्हायला लागला तर मात्र तपासणी हवीच.

म्हणून, ही सेवा कोणी घ्यावी? घरात बाहेरचं, पाकिटातलं खूप येतं, स्वयंपाकाची घडी बसत नाही, मोठी माणसं धडधाकट आहेत आणि हाताला धरून कुणी सुरुवात करून द्यावी असं वाटतंय, तर पहिला टप्पा घ्या. व्हिडिओ कॉल आणि आठवड्याचा बेत जरूर वापरा, कॅप्सूल घेऊ नका, फळं सोडू नका. तोंडात पांढरे डाग, वारंवार खाज, विनाकारण वजन घटणं, सतत तहान, बरा न होणारा थकवा असेल तर हा फॉर्म भरण्याआधी डॉक्टर गाठा. घरात लहान मूल, गरोदर बाई, मधुमेहाची किंवा रक्त पातळ करणारी औषधं घेणारं कुणी असेल तर हे पॅकेज जसंच्या तसं लावू नका. खाण्याच्या बाबतीत कुणी आधीच भीती बाळगून असेल तर त्याला या ॲपच्या लाल फुल्यांपासून लांब ठेवा.

माझ्या पत्राला त्यांचं उत्तर आलं, हेही नोंदवते. प्रश्नावलीत कवळी, इन्हेलर आणि रक्तातली साखर हे तीन प्रश्न घातलेत, मी स्वतः उघडून बघितलं. लहान मुलांच्या खात्यातली ती ‘यीस्टला खाऊ घातलं’ ओळ मात्र अजून तशीच आहे. ती जाईपर्यंत माझे गुण अडीचच.